राणी, काळा, मोतिया: एका विंटेज डिझायनर सिल्क ड्रेसच्या विक्रीचं प्रकरण

ड्रेस असा होता. गुडघ्याच्या जरा खाली येणारा, लांब बाह्यांचा, सिल्क क्रेपचा, तीन रंगांचा. डावा खांदा, डावी बाही आणि छातीचा अर्धा भाग राणी कलर, उजव्या खांद्यावरून तिरका खाली येणारा आणि येता येता रुंद होणारा काळा पट्टा, आणि कंबरेखालचा सगळा घेर मोतिया. मानेशी एका मोठ्या अमेरिकन डिझायनरचं विणलेलं लेबल. डिझायनरचं नाव इथे देत नाहीये कारण नाव दिलं की सगळी चर्चा नावाचीच होते, आणि मला बोलायचंय ते ड्रेसबद्दल, म्हणजे असा जुना ड्रेस विकायला काढताना त्याच्याबद्दल काय खात्रीनं लिहिता येतं आणि काय नाही याबद्दल.

मालकीण माझ्या ओळखीतली एक मुलगी, ड्रेस तिच्या आत्याचा. तिनं जाहिरातीचा मजकूर आधीच लिहून ठेवला होता आणि मला फक्त तो नीट करून हवा होता. "ताई, सिक्स्टीजचा आहे, मॉन्ड्रियन स्टाइल, कुट्यूर पीस, प्युअर सिल्क, कंडिशन मिंट. तू फक्त जरा छान भाषेत लिहून दे ना." मी म्हटलं आधी ड्रेस आण, मग भाषेचं बघू. आणि ड्रेस टेबलावर उलटा करून पसरला तेव्हा तिच्या मजकुरातलं जवळपास सगळंच एकेक करत गळत गेलं, फक्त सिल्क तेवढं शिल्लक राहिलं. तरीही ड्रेस उत्तम होता, हे मला पहिल्याच तपासणीत कळलं होतं आणि तिला पटायला बराच वेळ लागला.

आधी काळ. डाव्या कुशीच्या शिवणीत, अस्तराच्या आतल्या बाजूला, कापडाच्या दोन बारक्या पट्ट्या होत्या, शिवणीतच पकडलेल्या, म्हणजे मागून कोणी लावलेल्या नाहीत. एकीवर हंड्रेड पर्सेंट सिल्क, ड्राय क्लीन ओन्ली आणि एक आरएन नंबर, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक. दुसरी लाल-पांढरी-निळी, इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियनची, म्हणजे बायकांचे कपडे शिवणाऱ्या अमेरिकन कामगारांच्या संघटनेची. अमेरिकन कपड्यांचा काळ ठरवायला ही युनियनची पट्टी फारच उपयोगी पडते कारण युनियननं तिचं डिझाइन वेळोवेळी बदललं होतं, 'युनियन मेड' लिहिलेला हा लाल-पांढरा-निळा प्रकार 1974 पासूनचा, आणि 1995 मध्ये ती युनियन दुसऱ्या एका युनियनशी मिळून नवीच युनियन झाली, तिथे या पट्ट्यांचा प्रवास संपतो. शिवाय कपडा कसा धुवायचा हे शिवलेल्या लेबलवर सांगायची सक्ती अमेरिकेत 1972 पासून आली, त्याआधीच्या ड्रेसमध्ये अशी सूचना सहसा दिसत नाही. म्हणजे साठच्या दशकाचा प्रश्नच मिटला. पुढची हद्द आणखी थोडी आवळता येते ती कटवरून: जाड शोल्डर पॅड, वर रुंद खांदे आणि खाली निमुळता होत जाणारा आकार, मागे मधोमध नायलॉनची चेन. एवढ्यावरून ऐंशीचं दशक म्हणायला मला हरकत वाटली नाही, पण लिहिताना मी "1974 ते 1995 मधला, कटवरून बहुधा ऐंशीच्या दशकातला" असंच लिहायला सांगितलं. पहिला भाग पुराव्याचा आहे आणि दुसरा माझ्या अंदाजाचा, आणि वाचणाऱ्याला ते दोन्ही वेगळे दिसायला हवेत.

ती नाराज झाली. आत्या नेहमी सिक्स्टीजचा म्हणायची, म्हणे. घरातल्या माणसांच्या आठवणी खोट्या नसतात पण सरकतात, ड्रेस कुठल्या लग्नात घातला हे पक्कं लक्षात राहतं आणि साल मात्र दहा-पंधरा वर्षं इकडे तिकडे होतं, त्यात आत्याला दोष द्यायचं काही कारण नाही.

मॉन्ड्रियनचं पण तसंच. मॉन्ड्रियन हा काळ्या रेघा आणि रंगीत चौकोनांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेला डच चित्रकार. त्या चित्रांवरून फ्रेंच डिझायनर ईव्ह सां लोराँनं केलेले ते प्रसिद्ध ड्रेस 1965 चे, पांढऱ्यावर काळ्या रेघा आणि लाल, निळे, पिवळे चौकोन, बिनबाह्यांचे, सरळ कटचे, आणि ते सिल्कचे नव्हते तर लोकरीच्या जर्सीचे होते. त्यातली खरी कमाल अशी की ते चौकोन छापलेले नव्हते, प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा कापून जोडलेला होता आणि शरीराला बसवायला लागणारा सगळा आकार त्या जोडांमध्येच लपवलेला होता. आपल्या ड्रेसचं त्याच्याशी नातं असेल तर ते एवढंच, की हाही तुकडे जोडूनच केलेला आहे. रंगाचे ठोकळे दिसले की मॉन्ड्रियन लिहायची सवय लागलीये लोकांना, पण त्यानं शोधणाऱ्याला चुकीची गोष्ट सापडते आणि जाणकार गिऱ्हाईक पुढचं काही न वाचताच निघून जातं.

कुट्यूर या शब्दावर मात्र मी अडूनच बसले. ओत कुट्यूर ही फ्रान्समध्ये 1945 पासून कायद्यानं बांधलेली संज्ञा आहे, कुठलं घर ती वापरू शकतं हे तिथे ठरवून दिलं जातं, आणि ते कपडे एका गिऱ्हाइकाच्या मापाला शिवलेले असतात. आपल्या ड्रेसमध्ये साइजचा आकडा शिवलेला आहे आणि आरएन नंबर आहे, हा नंबर अमेरिकेतलं फेडरल ट्रेड कमिशन कपडे बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या कंपनीला देतं. म्हणजे हा रेडी-टू-वेअर, ठरलेल्या साइजमध्ये तयार शिवून विकलेला, चांगल्या दर्जाचा रेडी-टू-वेअर. त्यात कमीपणा काय आहे?

उलट त्या नंबरानंच आम्हाला वाचवलं, कारण मानेजवळचं डिझायनरचं लेबल संशय यावा असंच होतं. चारही बाजूंनी हातानं शिवलेलं, दोरा बाकीच्या ड्रेसपेक्षा वेगळा, टाके थोडे वाकडे. जुन्या बाजारात साध्या ड्रेसला मोठ्या नावाचं लेबल लावून विकायचा धंदा चालतो त्यामुळे कुणीही जाणकार पहिल्यांदा इथेच बघणार. मी एक कोपरा हलकेच उचलून भिंगातून पाहिलं तर खाली अस्तरावर मशीनच्या सुईची जुनी भोकं होती, लेबलच्या कडेशी नीट जुळणारी, आणि लेबलखालचं अस्तर आजूबाजूपेक्षा ताजं. शिवाय मानेच्या पट्टीचं अस्तर कधीतरी दुरुस्त केल्याच्या खुणा शेजारीच होत्या. म्हणजे लेबल मूळचंच, दुरुस्तीच्या वेळी काढून परत लावलेलं. तरी एवढ्यावर मी थांबले नसते. आरएन नंबर कमिशनच्या डेटाबेसमध्ये टाकून बघता येतो, तो टाकला, आणि कंपनी तीच निघाली जी त्या डिझायनरचे कपडे बनवायची. शिवणीत पकडलेली पट्टी, त्यावरचा नंबर आणि मानेवरचं नाव तिन्ही एकच गोष्ट सांगायला लागले तेव्हा कुठे मी "ओरिजिनल" हा शब्द लिहू दिला, तोही "मानेचं लेबल दुरुस्तीत परत शिवलेलं आहे, फोटो पाहा" या वाक्याला चिकटवूनच.

आता सिल्क. शिवणीच्या आतल्या मायेतून, म्हणजे शिवणीपलीकडे आत राखलेल्या जादा कापडातून, जिथे सुटा धागा होताच, एक छोटा धागा काढून जाळून पाहिला. जळालेल्या केसांचा वास, ज्योत बाजूला केली की आपोआप विझणं, आणि राख बोटांत चुरली की भुगा. पॉलिस्टर असतं तर वितळून कडक मणी झाला असता. अस्तराचा धागा वेगळा वागला, वितळला आणि आंबट, व्हिनेगरसारखा वास आला, म्हणजे अस्तर असिटेट या कृत्रिम धाग्याचं. त्यामुळे "प्युअर सिल्क" असं मोघम न लिहिता "वरचं कापड सिल्क, अस्तर असिटेट" असं लिहिलं. घेणाऱ्या बाईसाठी ही माहिती नुसती बारकावा म्हणून नाहीये, असिटेट नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या असिटोननं विरघळतं, कुणी आतला डाग काढायला रिमूव्हरचा बोळा लावला तर अस्तराला भोक पडेल.

यापुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. कलर-ब्लॉक ड्रेस, म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे तुकडे जोडलेला ड्रेस, चांगला शिवलाय की नाही हे उजव्या बाजूनं कळतच नाही, तो उलटा करून बघावा लागतो. गडद आणि फिक्या तुकड्यांचा जोड येतो तिथे शिवणीतली माया कुठल्या बाजूला दाबली आहे ते बघायचं. काळ्या कापडाची माया मोतिया बाजूला गेली तर वरून राखाडी सावली दिसणार, सिल्क पातळ असलं की हमखास. इथे तिरक्या जोडाची सगळी माया काळ्या बाजूला वळवलेली होती आणि मोतिया भागाच्या मागे ऑर्गेंझाचा, म्हणजे पातळ पण ताठ कापडाचा एक थर टाकलेला होता, अस्तराच्या आधी, म्हणजे सावली पडायचा प्रश्नच नाही आणि घेरही अंगाला चिकटत नाही. शिवाय काळा पट्टा तिरका असूनही कापड उभ्या धाग्यातच कापलं होतं, उरेब म्हणजे तिरक्या धाग्यात नाही, नाहीतर इतक्या वर्षांत तो जोड लटकून लहरी पडला असता. कुशीच्या शिवणीवर पुढच्या आणि मागच्या भागातले रंगांचे सांधे अगदी बिंदूला बिंदू जुळलेले. हे सगळं मालकिणीला मी बोट ठेवून दाखवलं, आणि तिच्या मजकुरात यातलं एक अक्षर नव्हतं! जे खरंच मोलाचं होतं ते राहिलं आणि जे नव्हतं ते लिहिलं, असं बहुतेक जाहिरातींमध्ये होतं, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं कारण कुणीतरी कारागिरानं ती माया विचार करून वळवलेली असते.

आणि आता दोष. तीन होते.

डाव्या खांद्यावर, शोल्डर पॅडच्या उंचवट्यावरून बाहीकडे जाणारा एक पट्टा फिका झालेला, राणीचा गुलाबी. ड्रेस वर्षानुवर्षं हँगरला, खिडकीच्या उजेडात लटकला असणार, प्रकाश नेमका खांद्याच्या वरच्या कडेवर पडतो. किती उतरलाय हे कळायला शिवणीच्या आतली माया शेजारी धरून पाहिली, तिथे मूळ रंग जसाच्या तसा होता आणि फरक बघून मालकीण गप्पच झाली. एकरंगी ड्रेसमध्ये हे चालून गेलं असतं, ब्लॉकमध्ये शेजारी काळा उभा असल्यामुळे डोळा लगेच तिथे जातो. पण माझी खरी काळजी रंगाची नव्हती, धाग्याची होती. सिल्क हे प्रोटीन आहे आणि ऊन त्याचा रंगच नाही तर ताकदही खातं, फिक्या भागात कापड कुजकं झालेलं असू शकतं आणि घातल्यावर खांद्यातून फाटू शकतं. ओढून बघायचं नाही, तो मोह आवरायचा. आतून दिवा धरून जोडाच्या टाक्यांजवळ कापड विरलंय का ते बघितलं, बारीक चिरा शोधल्या. नव्हत्या. कापड लवचिक होतं.

दुसरा दोष घेराच्या वर, काळा आणि मोतिया मिळतात तिथे, बोटभर जागेत मोतियावर राखाडी झाक. कधीतरी तिथे पाणी सांडलंय आणि काळा रंग सरकलाय. तिसरा उजव्या काखेत, कापड किंचित ताठर आणि कडेला फिकट वर्तुळ, घाम आणि डिओडरंटमधले अॅल्युमिनियमचे क्षार सिल्कला असंच करतात.

तिला वाटलं हे सगळं विक्रीआधी करून घ्यावं. "खांदा रंगवून घेऊ, खालचं हलक्या हातानं शाम्पूनं धुऊ, झालं." मी आधी आतल्या काळ्या मायेवर ओलसर पांढरा कापूस दाबून धरला आणि उचलला तर कापूस करडा झाला होता. तो बघितल्यावर शाम्पूचा विषय संपला. सिल्कवर बहुतेक अॅसिड डाय असतात, गडद रंगात डाय भरपूर असतो आणि पाणी लागलं, त्यात अल्कली असलेला साबण असला तर अजूनच, तो सुटून शेजारच्या फिक्या तुकड्यात शिरतो. तीन वेगळे रंग एका शिवणीत बांधलेला ड्रेस पाण्यात घालणं म्हणजे मोतिया घेर कायमचा घालवणं. ड्राय क्लीनिंगमध्ये पाण्याऐवजी सॉल्व्हंट असतो म्हणून रंग बहुतेक जागेवर राहतो, पण सरकलेला रंग आणि घामाचं वर्तुळ त्यानं निघेलच असं नाही, उलट ते डाग आधी दाखवले नाहीत तर गरम प्रेसनं आणखी पक्के होतात. खांदा रंगवायचं म्हणशील तर सिल्क रंगवायला आम्ल आणि गरम पाणी लागतं, एकटा खांदा त्या पातेल्यात कसा घालणार, जोड उसवून तुकडा वेगळा केला तर सिल्कमध्ये सुईची जुनी भोकं दिसत राहतात. आणि ब्रशनं वरून रंग मारला तर तो भाग ताठ होतो आणि उन्हात पुन्हा वेगळाच दिसतो.

यावर आमचं बरंच वाजलं. ती म्हणाली दोष लिहिले तर कोण घेणार. मी म्हटलं ज्यांना हा ड्रेस खरंच हवाय ते तसेही फोटो मोठा करून खांदाच बघतात, तू लिहिलं नाहीस तर त्यांना वाटेल अजून काय लपवलंय. शेवटी ठरलं ते असं: काहीही दुरुस्त करायचं नाही, एका सिल्कचं काम जाणणाऱ्या क्लीनरकडे तिन्ही डाग कागदावर खुणा करून दाखवायचे आणि सॉल्व्हंटनं साधी स्वच्छता करायची, प्रेस नाही, नुसती लांबून वाफ. क्लीनिंग तरी कशाला असं तिनं विचारलं, तर त्याचं कारण न दिसणारे डाग. साखरेचं काही सांडलेलं असतं ते वाळल्यावर दिसत नाही आणि वर्षांनी तपकिरी होऊन वर येतं, म्हणून क्लीनरला तेही विचारायला सांगितलं.

मापं हा कंटाळवाणा भाग पण परत आलेल्या कपड्यांचं कारण बहुतेक वेळा तोच असतो. आतला साइजचा आकडा दहा होता आणि तो मी मजकुरात जवळजवळ शेवटी टाकला, कारण तेव्हाचा दहा आजच्या दहापेक्षा लहान असतो. ड्रेस सपाट पसरून, चेन लावून, काखेखाली छाती 94 सेंटीमीटर, कंबर 74, सीट 98, खांद्यापासून खाली 108. आणि एक वाक्य जोडलं: ही कपड्याची मापं आहेत, अंगाची नाहीत, हे सिल्क ताणलं जात नाही, छातीला आणि कंबरेला चार-पाच सेंटीमीटर सैल राहील असं बघा.

फोटोत राणी कलरनं छळलं. फोनचा कॅमेरा तो रंग इतका भडक करतो की विणीचा पोतच दिसेनासा होतो, एक्स्पोजर खाली ओढला तेव्हा क्रेपचे बारीक कण दिसायला लागले. मोतिया पांढरा समजून कॅमेरा बाकी सगळ्याला निळसर करत होता म्हणून फ्रेमच्या कडेला साधा पांढरा कागद ठेवला. थेट ऊन नाही, खिडकीचा सावलीतला उजेड. आणि उलट्या बाजूचे फोटो उजव्या बाजूइतकेच, मायेचा, ऑर्गेंझाचा, दोन्ही पट्ट्यांचा, फिक्या खांद्याशेजारी धरलेल्या मूळ रंगाचा.

शेवटचा मजकूर असा गेला: "अमेरिकन डिझायनर, रेडी-टू-वेअर, 1974 ते 1995 मधला, कटवरून बहुधा ऐंशीच्या दशकातला. तीन रंगांचे तुकडे जोडून शिवलेला, छापील नाही. वरचं कापड सिल्क क्रेप, अस्तर असिटेट, मोतिया भागामागे ऑर्गेंझा. डावा खांदा उन्हानं फिका, काळ्या-मोतिया जोडावर बोटभर राखाडी झाक, उजव्या काखेत घामाची खूण, तिन्हीचे फोटो दिले आहेत. मानेचं लेबल ओरिजिनल, दुरुस्तीत परत शिवलेलं, फोटो पाहा. पाण्यात धुऊ नये, काळा रंग सुटतो." मग मापं.

एका बाईंनी विचारलं कंबर दोन-तीन सेंटीमीटर सोडता येईल का. कुशीच्या शिवणीत माया होती, पण मी मालकिणीला लिहायला सांगितलं की सोडली तर जुन्या शिवणीची भोकं बाहेर येतील आणि आतला न उतरलेला रंग कडेला गडद रेघ म्हणून दिसेल, शिवाय कुशीवर जुळवलेले सांधे सरकतील. त्यांनी घेतला नाही, आभार मानले. दुसऱ्या एकीला लांबी कमी करायची होती, तिलाही हेच, घेर कापला की तिन्ही रंगांचं प्रमाण बिघडतं, शिवणकाम करणारी कितीही चांगली असली तरी.

घेतला तो एका नाटकाचे कपडे करणाऱ्या बाईंनी, आणि त्यांनी सगळ्यात आधी मायेबद्दलच विचारलं. खांद्याबद्दल घासाघीस केली, रास्त होती, मालकिणीनं थोडं कमी केलं. त्यांना तो रंगमंचावर वापरायचा नव्हता, त्याचा कागदी साचा काढून तसाच नवीन शिवायचा होता, त्यामुळे काखेची खूण त्यांच्या दृष्टीनं बिनमहत्त्वाची आणि उलट्या बाजूचे फोटो सगळ्यात कामाचे.

पाठवताना प्लॅस्टिकची पिशवी थेट कापडाला लावली नाही, ओल आत कोंडते. काळ्या आणि मोतिया भागाच्या मध्ये आम्लरहित टिश्यूचा थर, घड्यांमध्ये टिश्यूच्या गुंडाळ्या म्हणजे कडक घडी पडत नाही, शोल्डर पॅड त्यांच्या आकारात राहतील असे भरलेले, आणि हे सगळं खोक्यात, पाणी लागू नये म्हणून प्लॅस्टिक फक्त खोक्याच्या बाहेरून. ड्रेस पोचल्यावर बाईंनी एकच गोष्ट विचारली, मानेचं लेबल त्या दुसऱ्या दोऱ्यानंच राहू द्यावं की मूळच्यासारखं मशीननं लावून घ्यावं. मालकिणीनं मला न विचारता स्वतःच उत्तर दिलं, "आहे तसंच ठेवा, फोटोत तसंच आहे."